चहापान होऊन सभा समाप्त

नशिराबाद,
रविवार, दुपारी

प्रिय शिल्पा,

तू पाठवलेली तीन पानं मिळाली. मिळून अकरा दिवस झाले. “पप्पा, वाचली का?” असं तू चारदा विचारलंस आणि चारही वेळा मी नेट नव्हतं म्हणून सांगितलं. नशिराबादला नेट नसतं यावर तिकडे जर्मनीत बसून तुझा लगेच विश्वास बसतो, त्याचा मी फायदा घेतला. खरं म्हणजे पहिल्याच दिवशी वाचली. मग हायवेजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणली आणि पुन्हा वाचली. तुझी आई विचारायला लागली, पेन्शनचं काही लफडं आहे का. मी नाही म्हटलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. एकतीस वर्षं कारकुनाशी संसार केलेली बाई आहे. कागद बघून नवऱ्याला घाम फुटला की तिला कळतं.

हे पत्र हातानेच लिहितोय. फोनवर सांगायला गेलो तर तू मध्येच “हॅलो, पप्पा, आवाज तुटतोय” करशील आणि तेवढा आधार धरून मी विषय बदलेन. लिहून झालं की पानांचे फोटो काढून तुला पाठवतो. झेरॉक्सवाल्याकडे देणार नाही, तो वाचतो.

आधी तुझ्या पानांबद्दल. ऐंशी वर्षांपूर्वी जर्मन फौजेच्या ताब्यात गेलेली ती खेडी आणि तिथे भरवलेल्या प्रचारसभांचे अहवाल. मराठी तू छान केलंयस. फक्त फौजेने नेमलेल्या त्या माणसाला ‘सरपंच’ म्हणालीस ते जरा खटकलं, पण असू दे, आपल्याकडचेही काही तसेच असतात. लोखंडी रुळाचा तुकडा बडवून गाव गोळा करायचं, मोटारीवरच्या कर्ण्यातून आधी गाणी वाजवायची, मग भाषण. बायका मीठ कधी मिळणार एवढंच विचारतात. आणि तो म्हातारा! टोपी हातात घेऊन अदबीने विचारतो, साहेब, हे शहर तुम्ही मागच्या सभेतही जिंकलं होतं, मध्ये हरलात का? मी एकटाच मोठ्याने हसलो. तिसऱ्या पानाने मात्र हसू गेलं. जर्मनीत कामाला चला, पोटभर जेवण मिळेल, हे सांगायला सभा भरवली, बँड वाजवला, एकही माणूस पुढे आला नाही. सगळे गप्प उभे राहिले आणि गप्पच घरी गेले. खाली कारकुनाने लिहिलं, ‘लोकांनी शांतपणे ऐकले. विरोध नाही.’ महिन्याने त्या गावात लॉऱ्या आल्या. शेवटी तू विचारलंस, पप्पा, तुम्ही जन्मभर असेच रिपोर्ट लिहिलेत, तुम्हीच सांगा, ह्या कारकुनाला लोकांचं मन कळलं नसेल, की कळूनही त्याने असं लिहिलं असेल? पुढे एक हसरा चेहरा टाकला होतास.

शिल्पा, जवळजवळ हाच प्रश्न मला परवा मंगळवारी धुळ्याच्या कोर्टात विचारणार आहेत. रुपसिंगच्या गावाने दावा लावलाय आणि मी त्यांचा साक्षीदार आहे. आम्ही डोंगर सोडायला कधीच तयार नव्हतो, असं गावाचं म्हणणं. समोरच्यांकडे, म्हणजे सरकारकडे, एकच कागद आहे, गावाची संमती होती असं सांगणारा. तो कागद माझ्या अक्षरात आहे.

रुपसिंगकाका तुला आठवत असेल. दर उन्हाळ्यात पिशवीभर चारोळी घेऊन शिरपूरच्या आपल्या खोलीवर यायचा, आणि ती फोडून द्यायला तुझ्याशेजारी फरशीवर बसायचा. तो माझा कार्यालयातला ओळखीचा माणूस नाही. तुझे आजोबा, बन्सीलाल गुरुजी, सातपुड्याच्या पायथ्याला जांभळीपाड्याच्या शाळेवर होते तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. पाड्यावर तीस-पस्तीस घरं, सगळी पावरा आदिवासींची, आणि त्यांच्यात आमचं एक. पावरी मी रुपसिंगबरोबर शेळ्या राखताना शिकलो, अहिराणी बाजारात, आणि प्रमाण मराठी आजोबांच्या छडीखाली. मला टायफॉइड झाला तेव्हा आजी नशिराबादला होती. रुपसिंगच्या आईने, भुरीबाईने, मला स्वतःच्या घरी नेऊन सतरा दिवस सांभाळलं. आपल्या लोकांना अजून काही घरांत माठाजवळ जाऊ देत नव्हते तो काळ आहे हा. तिने मला मांडीवर घेऊन पेज पाजली. हे तुला मी पूर्वी सांगितलं आहे, पण प्रत्येक वेळी गोड गोष्ट म्हणून सांगितलं.

आता जे कधीच सांगितलं नाही ते. मी दहा वर्षांचा असेन. रुपसिंगच्या थोरल्या बहिणीला मागणी घालायला दुसऱ्या पाड्यावरची माणसं आली. मोहाची दारू त्यांनीच आणली होती. पळसाच्या द्रोणांत ओतून त्यांनी ती रुपसिंगच्या वडिलांपुढे, सुकलालबाबांपुढे, ठेवली. बाबा पावसाबद्दल बोलले, अस्वलाने कुणाचा मका खाल्ला त्याबद्दल बोलले, हसले, पाहुण्यांना भाकरी वाढली, पण द्रोणाला हात लावला नाही. तासाभराने पाहुणे उठले आणि आले तसे निघून गेले. कुणी रागावलं नाही, कुणी काही विचारलं नाही. मला काहीच कळेना. भुरीबाईने समजावलं (पाड्यावरची पावरी तुला कळायची नाही, म्हणून अहिराणीत लिहितो), “दारमा येल पाव्हनाले तोंडवर नही म्हननं बरं दिखस का? पिदं नही, म्हंजे नही. समजी लेवानं.” म्हणजे, समोर ठेवलेलं प्यायलं की बोली पक्की. नाही प्यायलं की नकार, आणि पाहुण्याचा अपमानही नाही. लग्न असो, शेताचा बांध असो, भांडणतंटा असो, पाड्यावर ‘नाही’ म्हणायची रीत ही एवढीच. हे मला वयाच्या दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं.

आता तो कागद ज्या सभेचा, ती सभा. तू तेव्हा दहावीत होतीस. जांभळीपाडा आणि आजूबाजूचं रान प्रकल्पात जाणार होतं आणि लोकांना खाली सपाटीवर हलवायचं होतं. आमच्या कार्यालयाकडे त्याचा प्रचार आला. मोठा पडदा लावलेली गाडी, तिच्यावर पक्क्या घरांची फिल्म, नळाखाली खिदळणारं एक कुटुंब, ज्यातला एकही माणूस पावरा दिसत नव्हता. साहेब मराठीत बोलायचे आणि मी पावरीत सांगायचो. मला आवाज आहे, हे तुला माहीत आहे. खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायचं. ज्या पाड्यावर चड्डी फाटलेली असायची तिथे मी इस्त्रीचा शर्ट घालून माईकवर बोलत होतो. पहिल्या दोन सभांना बायका शेंगा सोलत बसल्या, पुरुषांनी जाळी विणली, कुत्री पडद्यावर भुंकली. तिसऱ्या सभेत भिकुबाई नावाची म्हातारी उठली. “मांगला साले बी तुम्हीन रस्ता दिधा व्हता. तो कोठे शे?” सगळा पाडा खाली बघून हसला. साहेबांनी विचारलं, काय म्हणतेय? मी सांगितलं, रस्त्याची उत्सुकता आहे त्यांना. तुझ्या त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याची ही बहीणच, आणि अहवालात तिचं काय झालं असेल ते तू ओळखशील.

तिसऱ्या सभेला चहा होता. आधीच्या दोन्हींना नव्हता. वरून सूचना होती, की संमतीची सभा आहे, वातावरण घरगुती ठेवा. खालच्या हॉटेलातून मोठं पातेलं भरून आणलं होतं आणि कागदी कप. भाषण संपलं, संमतीचं वाचून झालं, आणि चहा वाटला. चौऱ्याण्णव माणसं होती. आकडा मला पाठ आहे, मीच मोजली होती. प्रत्येकाने दोन्ही हातांनी कप घेतला, आपल्यापुढे मातीत नीट ठेवला आणि हात मांडीवर घेतले. चहावर साय धरली, माश्या बसायला लागल्या, तरी कुणी हलेना. मग भुरीबाई उठली आणि तिच्यामागे सगळे एकेक करून घराकडे गेले. जमिनीवर चौऱ्याण्णव भरलेले कप तसेच राहिले.

रुपसिंग मात्र माझ्याकडे आला. तोंडभर हसत होता. तीन महिने गावाच्या मानगुटीवर बसलेलं ओझं उतरलं होतं ना त्याच्या मते. म्हणाला, “बठ्ठासना कप भरेलच शेतस. तुना सायेबले समजनं व्हई ना?” सगळ्यांचेच कप भरलेले आहेत, साहेबाला समजलं असेल ना, असं विचारत होता. मी म्हटलं, समजलं. तो निर्धास्त घरी गेला. पाड्याची चूक झाली ती एवढीच. त्यांना वाटलं, आपण सगळ्यांनी मिळून, स्वच्छ दिवसाउजेडी, सरकारच्या तोंडासमोर ‘नाही’ सांगितलं आहे. आणि ते सांगितलेलं पोचवायला आपल्याच ताटात जेवलेला माणूस तिथे उभा आहे, मग आणखी ओरडायचं कशाला?

अहवालाचा छापील नमुना असतो. गाडीच्या बॉनेटवर ठेवून मी तो भरला. उपस्थिती ९४. वातावरण खेळीमेळीचे. विरोध : निरंक. ग्रामस्थांची एकमताने संमती. चहापान होऊन सभा समाप्त. साहेबांनी वाचून सही केली, आणि ‘अहवाल लेखक’ म्हणून खाली मी. पुढच्या महिन्यात माझी जळगावला बदली झाली, जिच्यासाठी मी चार वर्षं खेटे घालत होतो. तुझ्या अकरावीसाठी बदली हवी होती असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं नव्हतं, पण मलाही डोंगरातल्या धुळीचा कंटाळा आला होता आणि जळगावात पंख्याखाली बसायचं होतं. तू हे अंगावर घेऊ नकोस, तुझा यात काही संबंध नाही.

दोन वर्षांनी ट्रक आले. मी तिथे नव्हतो. पेपरात चार ओळी आल्या, ‘स्वेच्छेने स्थलांतर’. त्यांना धुळ्याच्या हद्दीत, पारोळ्याच्या रस्त्याला, उघड्या माळावर पत्र्याच्या खोल्या दिल्या. मी दीड वर्ष तिकडे फिरकलोच नाही. गेलो तेव्हा भुरीबाई नव्हती. पहिल्या उन्हाळ्यात सात म्हातारी माणसं गेली त्यात ती पण. रुपसिंगची बायको सांगत होती, म्हातारी सकाळी टोपली घेऊन निघायची, हायवेपर्यंत जायची आणि रिकामी परत यायची. मोहाचं झाड शोधत असायची. एक दिवस उन्हातून आली आणि पत्र्याखाली आडवी झाली. मी तिथे बसलो, रडलोही, आणि रुपसिंगनेच माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि पाणी मागितलं.

तू म्हणशील, पप्पा, तिकडच्या त्या अहवालांशी आपल्याकडचं जोडू नका. नाही जोडत. हल्ली मोबाइलवर लोक उठसूट कुणालाही हिटलर म्हणतात, मला ते आवडत नाही. तिथे कारकुनाच्या मागे बंदूकवाला उभा होता. खरं लिहिलं असतं तर त्यालाही भिंतीला लावलं असतं. माझ्यामागे कोण होतं? पातेलं घेऊन आलेला हॉटेलवाला. म्हणून त्या कारकुनाचं ओझं माझ्यापेक्षा हलकं वाटतं मला, आणि अकरा दिवस तुला उत्तर देता आलं नाही ते त्यामुळेच.

मार्च महिन्यात दिपमाला नावाची एक तरुण वकील धुळ्याहून घरी आली. तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तिच्याबरोबर रुपसिंग. त्याने येताना चारोळी आणली होती, विकत घेतलेली. वकिलीणबाईंनी अहवालाची प्रत टेबलावर ठेवली आणि विचारलं, काका, हे अक्षर तुमचंच ना? मी उत्तर द्यायच्या आत रुपसिंग बोलला, “संघपालनी खरंच लिखेल व्हतं, सायेबनी बदली टाकं.” सात-आठ वर्षं तो गावाला हेच सांगत आला आहे. संघपालने कप पाहिले, संघपालला समजलं, संघपालने लिहिलं, पण वरच्याने कागद बदलायला लावला. पोरंटोरं माझ्या नावाने शिव्या द्यायला लागली तेव्हा हा मध्ये पडला म्हणे, आणि भाऊबंदांशी मारामारी केली. मी मान हलवली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, नुसती मान हलवली. वकिलीणबाईंनी वहीत टिपून घेतलं. तुझ्या आईने पोहे केले, तो खाऊन गेला.

साहेब दोन वर्षांपूर्वी वारले. मेलेला माणूस उलट बोलायला येत नाही. परवा कोर्टात उभा राहून मी ‘साहेबांनी दबाव आणला’ एवढं म्हटलं, तर अहवाल खोटा ठरतो, गावाची बाजू मजबूत होते, माझ्या पेन्शनला हात लागत नाही, आणि रुपसिंग मला मिठी मारतो. सगळ्यांचं भलं. तुझ्या आईचंही हेच मत. ती वाईट बाई नाही. ती म्हणाली, गेलेल्या माणसाच्या नावावर एक ओळ घातली तर कुणाचं काय बिघडतं, आणि तसाही तो काही देवमाणूस नव्हता. खरं आहे, नव्हता. चिडका होता, वरच्यांपुढे वाकायचा. मी तीन रात्री ती ओळ तोंडात घोळवली आणि ती इतकी सफाईने यायला लागली की माझी मलाच भीती वाटली. तुझे आजोबा म्हणायचे, आपल्या घरात लेखणी उशिरा आली आहे, ती जपून चालवायची. मला वाटायचं, शुद्धलेखनाबद्दल बोलतायत.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या दिवशी गाडीत बसण्याआधी साहेब थांबले होते. त्यांनी त्या कपांकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मला म्हणाले, “संघपाल, यांनी चहा का नाही घेतला? काही म्हणायचं आहे का यांना?” नीट विचारलं त्यांनी. त्यांना ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायचं होतं. मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. मी म्हणालो, “काही नाही साहेब, यांना दुधाच्या चहाची सवय नाही.” माझा बदलीचा अर्ज त्यांच्या बॅगेत सहीसाठी पडला होता आणि मला त्यांचा मूड बिघडवायचा नव्हता, एवढंच. कुणी दबाव आणला नाही, कुणी कागद बदलला नाही. त्या कारकुनाला कळलं होतं, शिल्पा. हे मी परवा सांगणार आहे, रुपसिंग समोरच्या बाकावर बसलेला असताना. बाहेरच्या कुणाकडून तुझ्या कानावर येण्याआधी माझ्याकडून यावं म्हणून हे लिहिलं. आणि दुसरं असं, की आज लिहून तुझ्याकडे पाठवलं नसतं तर परवा तोंडातून साहेबांचंच नाव निघालं असतं. आता तुझ्याकडे माझ्या अक्षरात आहे, मला फिरता येणार नाही. तुझा राग तू सावकाश कर, मी थांबेन. सकाळीच रुपसिंगचा फोन येऊन गेला. एसटीने धुळ्यापर्यंत धक्के खाऊ नको म्हणाला, “आठ वाजता पारोळाना स्टँडवर मी गाडी लिसन उभा ऱ्हासु. तू फक्त खरं सांग, भाऊ.” तेव्हा पारोळ्यापासून कोर्टापर्यंत त्याच्या मोटरसायकलवर, त्याच्या खांद्याला धरून जाईन. येताना एसटीने येईन.

तुझाच,
पप्पा